'रामाने आंबा खाल्ला' मराठीत कर्मणी, मग इंग्लिशमध्ये ॲक्टिव्ह कसं?

गच्चीतली_तुळस:

नमस्कार मंडळी, प्रश्न शाळेतला आहे पण मला उत्तर देता येईना म्हणून इथे टाकतेय.

मुलगी दहावीला, मराठी मीडियम, इंग्लिश थर्ड लँग्वेज. काल तिने मराठीचे प्रयोग आणि इंग्लिशचं व्हॉइस एकाच बैठकीत काढलं आणि मला विचारलं, आई, मराठीच्या वहीत 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग लिहिलाय, गाईडमध्ये छापलंय की कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, मग मॅडम 'राम एट द मँगो' ॲक्टिव्ह कसं म्हणतात, 'द मँगो वॉज ईटन बाय राम' हेच बरोबर भाषांतर ना, 'ने' म्हणजे 'बाय'. आता यात चुकतंय कुठे ते सांगा, मला तर तिचं म्हणणं पटायला लागलंय.

दुसरं म्हणजे तक्ता तिला तोंडपाठ आहे, ऑब्जेक्ट आधी, मग टू बी, मग व्ही थ्री (ईट-एट-ईटन मधलं तिसरं रूप), मग बाय. पण 'बीइंग' कुठे आणि 'बीन' कुठे यात दर वेळी गडबड. आणि निबंधात 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' असं ठोकून देते, वर मलाच सांगते की अपघात कोणी करत नाही, तो होतो, म्हणजे पॅसिव्हच की!

तिसरं माझं स्वतःचं. आमच्याकडे रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहावे लागतात आणि नवीन साहेब प्रत्येक पॅसिव्ह वाक्याखाली रेघ मारून परत पाठवतात, कॉम्प्युटरही खाली निळी रेघ काढतो. वापरायचंच नाही तर पोरांना एवढं घोटून घोटून का शिकवतात?

अनुस्वार:

ताई, मुलगी हुशार आहे, गाईडवाल्यापेक्षा तरी नक्कीच. सगळा घोळ त्या 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' या एका ओळीचा आहे.

मराठीत प्रयोग ठरतो क्रियापद कोणाच्या मागे जातं त्यावर. मुलीने आंबा खाल्ला, मुलीने चिंच खाल्ली, मुलीने बोरं खाल्ली. खाणारी तीच, क्रियापद मात्र जे खाल्लं त्याप्रमाणे बदलतंय, म्हणून कर्मणी. बस, एवढंच. यात मुलगी कुठे मागे सरकली नाहीये, तीच वाक्याची मालकीण आहे. पॅसिव्हमध्ये जे होतं ते वेगळं, तिथे करणारा गादीवरून उतरतो आणि ज्याच्यावर क्रिया झाली तो गादीवर बसतो, करणाऱ्याचं नाव घेतलं तर घेतलं, नाही तर नाही.

तिला एक चाचणी द्या. 'रामाने घरी जाऊन आंबा खाल्ला'. घरी कोण गेलं? राम, आंबा नाही. 'रामाने आपल्या ताटातला आंबा खाल्ला'. आपल्या म्हणजे कोणाच्या? रामाच्याच. म्हणजे 'ने' लागला तरी कर्ता म्हणून सगळा मान रामालाच मिळतोय, मग इंग्लिशमध्ये तो पहिल्या जागेवरच बसणार, 'राम एट द मँगो'.

आणि 'ने' म्हणजे 'बाय' हे तर साफ विसरायला सांगा. 'मी आंबा खाल्ला' यात 'ने' कुठेय? तरी कर्मणीच आहे. उलट 'चाकूने कापला' यात 'ने' आहे पण इंग्लिशमध्ये तिथे 'विथ अ नाइफ' येतं, कारण चाकू हे हत्यार, कापणारा कोणी दुसराच. 'बसने आलो' ला मात्र 'बाय बस', आणि त्याचा पॅसिव्हशी काडीचा संबंध नाही.

अजून एक गंमत, हा 'ने'चा प्रकार मराठीत भूतकाळातच मुख्यत्वे दिसतो. 'राम आंबा खातो' म्हटलं की लगेच कर्तरी, म्हणजे क्रियापद रामाच्या मागे. अर्थ तोच, राम तोच, आंबा तोच, नुसता काळ बदलला. आणि भूतकाळातही काही क्रियापदं ऐकत नाहीत, 'ती चहा प्यायली', 'मी धडा शिकलो', 'तो नाव विसरला', कर्म आहे तरी कर्तरी. हिंदीत 'राम ने आम खाया' होतं तेही याच घराण्यातलं, भाषाशास्त्रवाले याला अर्गेटिव्ह म्हणतात. ते नाव परीक्षेत लिहू नका, उगाच मार्क जायचे.

मग खरा पॅसिव्ह मराठीत आहे का? आहे की. 'रावण रामाकडून मारला गेला' हे पॅसिव्हच्या जवळचं, व्याकरणाच्या पुस्तकात याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. जुन्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपं होती, म्हणजे करणाऱ्याला बाजूला ठेवायची सोय आपल्याकडे पूर्वापार आहे. पण रोजच्या बोलण्यात 'माझ्याकडून चहा प्यायला गेला' असं कोणी म्हणालं तर घरचे म्हणतील, बरं वाटत नाहीये का.

पेन्सिलवाले_सर:

वरचं उत्तर फर्स्ट क्लास. मी क्लास घेतो त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो.

तक्ता पाठ करून घेतात तिथेच पोरं अडकतात, कारण बारा घरं दिसतात आणि प्रत्येक घर वेगळं वाटतं. ताई, तिला एवढंच सांगा की व्ही थ्री कधीच बदलत नाही, काळ दाखवायचं सगळं काम 'बी' करतं. ॲक्टिव्ह वाक्यात मेन व्हर्ब ज्या रूपात आहे ते रूप 'बी'ला द्यायचं. 'ही राइट्स' आहे ना, तर 'बी'चं तेच रूप 'इज', म्हणून 'इज रिटन'. 'ही रोट', 'बी'चं भूतकाळी रूप 'वॉज', 'वॉज रिटन'. 'ही इज रायटिंग' मध्ये आयएनजी आहे, ते आयएनजी 'बी'ला चिकटवा, 'बीइंग', 'इज बीइंग रिटन'. 'ही हॅज रिटन' मध्ये हॅजच्या पुढे व्ही थ्री आहे, 'बी'चं व्ही थ्री म्हणजे 'बीन', 'हॅज बीन रिटन'. 'विल राइट' मध्ये साधं रूप, 'विल बी रिटन'. झालं, तक्ता फाडून टाकला तरी चालेल.

अर्थाने लक्षात ठेवायचं तर रस्त्यावरचा बोर्ड. 'काम चालू, रस्ता बंद' असेल तर 'द रोड इज बीइंग रिपेअर्ड'. खड्डे बुजवून माणसं घरी गेली की 'द रोड हॅज बीन रिपेअर्ड'. (पहिल्या पावसापर्यंत.) 'हॅज बीन बीइंग' असली रूपं परीक्षेत येत नाहीत, पर्फेक्ट कंटिन्युअसचं पॅसिव्ह करायला लावत नाहीत, तिकडे जायचंच नाही.

आता 'ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड'. पॅसिव्ह करायला ऑब्जेक्ट लागतो, कारण तोच उचलून पुढे आणायचा असतो. 'हॅपन'ला ऑब्जेक्टच नाही, काय उचलणार? हॅपन, ऑकर, अराइव्ह, डाय, गो, कम, स्लीप, या सगळ्यांचं पॅसिव्ह होत नाही. मराठीत 'झाला', 'मेला', 'आला' ऐकायला कसंही वाटो, इंग्लिशमध्ये 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड', 'ही डाइड'. तिचं म्हणणं की अपघात कोणी करत नाही, तो होतो, हे बरोबरच आहे, आणि म्हणूनच साधं ॲक्टिव्ह. पॅसिव्हमध्ये करणारा कोणीतरी असतो, फक्त त्याला लपवलेला किंवा मागे ठेवलेला असतो. 'ही वॉज किल्ड' म्हटलं की कोणी किंवा कशाने तरी मारलं, 'ही डाइड' म्हटलं की तसं काही सांगितलेलं नाही. बातमी वाचताना हा फरक मोठा आहे.

याच्या उलट, ऑब्जेक्ट असून पॅसिव्ह न होणारीही आहेत, 'शी हॅज अ कार' चं 'अ कार इज हॅड बाय हर' कोणी करत नाही. रिझेंबल, लॅक, सूट, फिट हीपण त्याच लायनीतली.

बोर्डात मार्क कुठे जातात ते सांगतो. एक, प्रीपोझिशन खाऊन टाकतात. 'एव्हरीवन लाफ्ड ॲट हिम' चं 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन', ते 'ॲट' आणि 'बाय' शेजारी शेजारी आले की पोरांना वाटतं एक जास्त झालंय आणि खोडतात. अजिबात खोडायचं नाही. दोन, 'दे मेड मी वेट', इथे 'टू' नाही, पण पॅसिव्ह केलं की येतो, 'आय वॉज मेड टू वेट'. तीन, प्रत्येक ठिकाणी 'बाय' चिकटवतात. 'नोन टू', 'सरप्राइज्ड ॲट', 'फिल्ड विथ' हे जसंच्या तसं पाठ करावं लागतं, इलाज नाही. आणि करणारा 'समवन', 'पीपल', 'दे' असला माणूस असेल तर 'बाय दे'... नाही नाही, 'बाय देम' लिहायचीही गरज नाही, सोडून द्यायचं. 'पीपल स्पीक मराठी इन गोवा टू' चं 'मराठी इज स्पोकन इन गोवा टू', बाय पीपल कशाला, बोलणार माणसंच.

चहा_बिनसाखरेचा:

'ओपन द डोअर' चं 'लेट द डोअर बी ओपन्ड' शिकवणाऱ्यांबद्दल कोणी बोलणार आहे का? आणि ते 'हनी टेस्ट्स स्वीट' चं 'हनी इज स्वीट व्हेन इट इज टेस्टेड'? म्हणजे चाखला नाही तर कडू का? आयुष्यात कधी कोणाला असं बोलताना ऐकलं नाही.

पेन्सिलवाले_सर:

दादा, ते आपल्याकडच्या गाईड आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकातलंच इंग्लिश आहे, परीक्षेपुरतं. तिथे विचारलं की लिहायचं, कोणाच्या घरी जाऊन म्हणायचं नाही. 'हू ब्रोक द विंडो' चं 'बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन' पण तसंच, पेपरात हेच उत्तर, बोलताना कोणी विचारलंच तर 'हू वॉज इट ब्रोकन बाय'.

नोटिंगवाला:

सरकारी खात्यात आयुष्य गेलं, पॅसिव्ह हा आमचा प्रांत :)

ताई, तुमचे साहेब रेघ का मारतात ते सांगतो. आमच्याकडे मराठीत जो खरा चालता पॅसिव्ह आहे तो 'गेला' वाला नाही, 'ण्यात येणे' वाला. 'कळविण्यात येते की', 'मान्यता देण्यात येत आहे', 'सदर प्रकरणी कार्यवाही करण्यात यावी'. कोण कळवतंय, कोण मान्यता देतंय, कार्यवाही नेमकी कोणी करायची, काही पत्ता नाही. फाईल टेबलावरून टेबलावर फिरते आणि 'करण्यात यावी' तशीच राहते कारण प्रत्येकाला वाटतं ते शेजारच्या टेबलासाठी आहे. पेपरात पण बघा, 'गुन्हा दाखल करण्यात आला', 'अटक करण्यात आली'. मुलीला इंग्लिश पॅसिव्हचं मराठी करायचं असेल तर हेच वापरायला सांगा, 'पोलिसांद्वारे अटक केला गेला' असलं काही नको, ते ऐकवत नाही.

इंग्लिशमध्ये पण हाच खेळ. लोकलची अनाउन्समेंट आठवा, 'द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड'. खेद कोणाला होतोय? कोणालाच नाही, खेद आपोआप होतोय. मराठीत निदान 'आम्ही दिलगीर आहोत' म्हणतात, त्यात 'आम्ही' तरी आहे. आणि मोठी माणसं काय वेगळी? अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट १८७६ मध्ये काँग्रेसला पाठवलेल्या शेवटच्या वार्षिक संदेशात म्हणाले की चुका झाल्या आहेत, 'मिस्टेक्स हॅव बीन मेड', पण त्यांनी पुढे निदान हे तरी म्हटलं की मी ते मान्य करतो. रेगन १९८७ मध्ये इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर बोलताना 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड', पुढे कोणाचं नाव नाही. तिथे हे वाक्य राजकारणातला चेष्टेचा विषय होऊन बसलंय.

तेव्हा रिपोर्टमध्ये 'द डेटा वॉज नॉट सबमिटेड ऑन टाइम' लिहिलंत तर साहेब विचारणारच, कोणी दिला नाही? तिथे रेघ बरोबर आहे. पण 'ऑल मशीन्स वेअर इन्स्पेक्टेड इन मार्च' याखालीही रेघ मारत असतील तर साहेबांचं जरा अति होतंय, मशीनची तपासणी झाली हा मुद्दा आहे, तपासणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर सहीत असतंच.

लॅबकोट:

मी थोडं उलट बोलणार. रेघ मारणारे साहेब आणि ती निळी रेघ दोघंही एकच नियम ऐकून आलेत, ॲक्टिव्ह चांगलं पॅसिव्ह वाईट, आणि हा नियम अर्धाच आहे.

आम्हाला कॉलेजात जर्नल लिहायला लावायचे, 'द सोल्यूशन वॉज हीटेड', 'द रीडिंग वॉज नोटेड', चुकून 'आय हीटेड' लिहिलं की जर्नल परत. पुढे रिसर्चला आले तर गाइड म्हणाल्या 'वी हीटेड' लिही. नेचर हे नियतकालिक तर लेखकांना ॲक्टिव्हच लिहा असं सांगतं. १९५३ चा वॉटसन-क्रिकचा डीएनएवरचा पेपर 'वी विश टू सजेस्ट' पासूनच सुरू होतो, म्हणजे विज्ञानात 'वी' चालत नाही ही आमच्या कॉलेजची समजूत होती. पण म्हणून मी सगळं ॲक्टिव्ह लिहिते का? नाही. पद्धतीच्या भागात वीस ओळी 'वी' 'वी' 'वी' वाचून बघा, डोकं उठतं.

पॅसिव्हचा खरा उपयोग लपवाछपवी नाहीये, वाक्य कोणापासून सुरू करायचं तो आहे. समजा मुलीला शनिवारवाड्यावर परिच्छेद लिहायचाय. 'शनिवारवाडा इज इन पुणे. इट वॉज बिल्ट बाय बाजीराव द फर्स्ट अँड वॉज कम्प्लीटेड इन १७३२. मोस्ट ऑफ इट वॉज डिस्ट्रॉइड बाय अ फायर इन १८२८.' प्रत्येक वाक्य वाड्यापासून सुरू होतंय, वाचणाऱ्याची नजर वाड्यावरून हलत नाही. आता तेच सगळं ॲक्टिव्ह करा, 'बाजीराव बिल्ट इट. वर्कर्स कम्प्लीटेड इट. अ फायर डिस्ट्रॉइड मोस्ट ऑफ इट.' आधी बाजीराव, मग कामगार, मग आग, वाडा बिचारा दर वेळी शेपटाला. आणि बाजीरावांवर परिच्छेद असेल तर उलट, तिथे ॲक्टिव्हच शोभेल. म्हणजे आधी ठरवायचं आपण कोणाबद्दल बोलतोय, मग व्हॉइस आपोआप ठरतो. हे शाळेत कोणी सांगत नाही, नुसतं 'चेंज द व्हॉइस' करून घेतात, जसं काही दोन्ही वाक्यं कुठेही अदलाबदल करून चालतील.

हेडलाइनचं पण सांगा तिला. पेपरात 'बी' गाळून टाकतात, 'टू अरेस्टेड' म्हणजे दोघांना अटक झाली, दोघांनी कोणाला अटक केली नाही. समजा 'टायगर किल्ड नियर व्हिलेज' अशी हेडलाइन आहे, तर वाघ मेलाय, पण आमच्या घरी एकाने मोठ्याने वाचून वाघाने कोणाला मारलं ते शोधत पूर्ण बातमी पालथी घातली होती.

अनुस्वार:

लॅबकोट ताई, वाड्याचं उदाहरण मस्त. बांधकामावरून आठवलं, पेन्सिलवाल्या सरांचं ते 'इज बीइंग रिपेअर्ड' इंग्लिशमध्ये तसं नवीनच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणायचे, म्हणजे घर बांधलं जातंय, घर काही बांधत नाहीये. मग 'इज बीइंग बिल्ट' आलं आणि एकोणिसाव्या शतकातले व्याकरणवाले त्याच्यावर भयंकर चिडले होते, बेंगरूळ आहे, अडगळ आहे असं लिहायचे. आता तेच परीक्षेला विचारतात. आजची चूक उद्या गाईडात छापून येते, पण उत्तरपत्रिकेत आजच्याच गाईडचं लिहायचं :)

गच्चीतली_तुळस:

सगळ्यांचे आभार! तो 'घरी जाऊन' वाला प्रश्न तिला विचारला तर लगेच पटलं, आणि आता घरात प्रत्येक वाक्याला 'कोण गेलं?' चालू आहे. 'बी'ला रूप द्यायचं तेही जमलं, दहा वाक्यं दिली, दहाही बरोबर. साहेबांना मशीनवाली दोन वाक्यं तशीच ठेवून पाठवणार आहे, बघू.

आता तिचा नवीन प्रश्न, मैत्रिणीने मेसेज केलाय 'माय सायकल गॉट स्टोलन'. तक्त्यात 'गॉट' कुठेच नाही. हे चूक आहे का? आणि 'आय गॉट माय सायकल रिपेअर्ड' पण पॅसिव्ह का?

पेन्सिलवाले_सर:

चूक नाही, बोलीतलं आहे. 'बी'च्या जागी 'गेट' वापरतात, मुख्यतः काहीतरी अचानक किंवा वाईट घडलं की. 'गॉट स्टोलन', 'गॉट हर्ट', 'गॉट कॉट'. 'गॉट मॅरीड' वाईटात धरायचं की नाही ते आपापलं बघा. मेसेजमध्ये चालेल, बोर्डाच्या पेपरात 'वॉज स्टोलन'च लिहू दे.

दुसरं वाक्य वेगळं आहे. 'आय गॉट माय सायकल रिपेअर्ड' म्हणजे मी दुरुस्त करून घेतली, केली दुकानवाल्याने. मराठीतला 'करून घेणे' आहे ना, तोच. 'आय रिपेअर्ड माय सायकल' म्हटलं तर पाना हातात घेऊन स्वतः केली असा अर्थ होतो. आपली मंडळी 'आय कट माय हेअर' म्हणतात आणि समोरच्याला वाटतं घरी आरशासमोर कात्री चालवली, तिथे 'आय गॉट माय हेअर कट' किंवा 'हॅड माय हेअर कट' पाहिजे. क्रम नीट बघायचा, वस्तू मध्ये आणि व्ही थ्री शेवटी. 'आय हॅड कट माय हेअर' लिहिलं की परत पास्ट पर्फेक्ट होतं आणि कात्री परत स्वतःच्या हातात.